स्टोव्हची पिन इथे चालत नाही

चाळिशीपुढच्या मैत्रिणींना रॉकेलचा स्टोव्ह नक्की आठवत असेल. ज्योत पिवळी पडली, स्टोव्ह फुरफुरायला लागला की आई फळीवरची पिन घ्यायची, बर्नरच्या बारीक भोकात दोनदा खालीवर करायची आणि ज्योत परत निळी व्हायची. पिन सापडली नाही तर अर्धा स्वयंपाक तसाच पडून राहायचा. आता गंमत सांगते. आपल्या घरातल्या पुरुषांची जुनी मोटारसायकल याच तत्त्वावर चालायची. तिच्या कार्बोरेटरमध्ये जेट नावाची बारीक भोकाची पितळी बोंडी असते. त्यात कचरा अडकला की गाडी भकभक करते, आचके देते आणि बंद पडते. मग रविवारी ओट्यावर जुना पेपर पसरायचा, कार्बोरेटर खोलायचा, जेटमध्ये तार घालून फुंकर मारायची, की गाडी पुन्हा सुरू.

माझे नाना, म्हणजे वडील, हे काम जवळपास चाळीस वर्षं करत आले. ते मेकॅनिक नव्हेत. वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झाले. पण अमळनेरला आमच्या गल्लीतल्या निम्म्या गाड्या त्यांच्या पान्याखालून गेल्यात. स्क्रू अर्धा फेरा फिरवायचा, कान लावायचा, पाव फेरा मागे घ्यायचा. इंजिन त्यांच्या मनासारखं बोलायला लागलं की समाधानाने मान हलवायची. हिवाळ्यात पहाटे चोक ओढून दहा-बारा किका मारणं हा तर त्यांचा व्यायामच होता.

२०२१ मध्ये मी माझ्या नावावर मोटारसायकल घेतली. मी आरोग्यसेविका आहे. तापीकाठच्या एका उपकेंद्रात रोज सतरा किलोमीटर जाणं, सतरा येणं. आमचे हे सुरतेला कामाला, पंधरा दिवसांनी रविवारी गाडीने येतात (रेल्वेगाडीने, बरं का). स्कूटी का नाही घेतली, असं सगळ्यांनी विचारलं. पावसाळ्यात काळ्या मातीच्या शिवाररस्त्याला स्कूटीची छोटी चाकं काय करतात, ते ज्यांनी बघितलंय त्या विचारणार नाहीत. गाडी दारात आली तेव्हा नानांनी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या, वाकून कार्बोरेटर शोधला, बटण दाबून इंजिन ऐकलं आणि म्हणाले, "हाई गाडी बोलतच नही!"

खरंच बोलत नाही. कारण तिच्यात कार्बोरेटरच नाही. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-सहा हे प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकली जवळपास सगळ्याच 'फ्युएल इंजेक्शन'वर गेल्या. एखाद-दुसऱ्या स्वस्त मॉडेलमध्ये इलेक्ट्रॉनिक कार्बोरेटर टिकला, तेवढाच. तशी ही गोष्ट आपल्याकडे नवी नव्हती. हिरो होंडाने २००६ मध्येच इंजेक्शनवाली ग्लॅमर आणली होती. पुण्याच्या बजाजने २००७ मध्ये पल्सर २२० इंजेक्शनसह काढली आणि गंमत म्हणजे २००९ मध्ये तीच गाडी परत कार्बोरेटरवर नेली. तेव्हा गिऱ्हाइकाला आणि गॅरेजला दोघांनाही कार्बोरेटरच आपला वाटायचा. २०२० मध्ये मात्र आवडीनिवडीचा प्रश्नच उरला नाही.

तेव्हापासून एक वाक्य मी खूप ऐकते. "या गाड्यांना घरी हात लावता येत नाही, सगळं कॉम्प्युटर आहे." या वाक्यावरच मला आज बोलायचंय. कारण या एका वाक्यापायी माझे बरेच पैसे जाता जाता राहिले.

मागच्या एका मे महिन्यात लसीकरणाचा दिवस होता. मे महिना म्हणजे आपल्या खान्देशात पारा ४४-४५ ला टेकलेला. लसींच्या पेटीत आत २ ते ८ अंश तापमान राहायला हवं. पेटीतल्या बर्फाला 'गाडी सुरू होत नाही' हे कारण सांगून चालत नाही. आणि नेमकी त्या दिवशी गाडी मेली. बटण दाबलं की मीटरचे दिवे विझायचे. पेटी गावातल्या एका भाऊच्या गाडीवरून पुढे पाठवली, तो दिवस निभावला. माझी गाडी छोट्या टेम्पोत घालून एका गॅरेजात नेली. तिथल्या माणसाने पाच मिनिटं बघितलं आणि निकाल दिला, "ताई, कॉम्प्युटर गेला. नवीन टाकावा लागंल." आकडा ऐकून माझा एक महिन्याचा किराणा डोळ्यांसमोर आला.

मी म्हटलं, थांबा. नानांना फोन केला. नाना त्यांचं जुनं मल्टिमीटर घेऊन आले. लाइनमनचा हात! बॅटरीच्या दोन्ही टोकांना तारा लावल्या, तर १२.७ व्होल्ट, बॅटरी ठणठणीत. मग वायर जिथे बॅटरीला कसलेली असते, तिथे बघितलं. बोल्ट ढिला आणि खाली पांढरी बुरशीसारखी खरड. पॉलिश पेपरने घासलं, बोल्ट कसला, बटण दाबलं. गाडी सुरू. खर्च शून्य.

त्या गॅरेजवाल्याने मुद्दाम फसवलं, असं मी म्हणणार नाही. तोही नानांसारखाच कार्बोरेटरवर शिकलेला. जे डोळ्यांना दिसत नाही त्याच्यावर खापर फोडायचं, ही माणसाची जुनी सवय आहे. पण बाईमाणूस एकटं गाडी घेऊन गेलं की हा 'कॉम्प्युटर गेला' जरा लवकर जातो, हेही तितकंच खरं.

तर हे इंजेक्शन प्रकरण आहे तरी काय? स्वयंपाकाच्या भाषेत सांगते. कार्बोरेटर म्हणजे अंदाजाने घातलेलं तेल. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीबरोबर जेटमधून पेट्रोल येतं. हवा थंड आहे की गरम, इंजिन तापलंय की नाही, याचं त्याला फारसं देणंघेणं नाही. म्हणून तर थंडीत चोक ओढावा लागायचा. इंजेक्शनच्या गाडीत प्रत्येक वेळी चमच्याने मोजून तेल पडतं. पेट्रोलच्या टाकीत एक विजेचा पंप असतो, तो दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो. इंजिनाच्या तोंडाशी इंजेक्टर असतो, तो बारीक फवारा मारतो. आणि किती फवारा मारायचा ते ठरवतो एक छोटा कॉम्प्युटर, ज्याला मेकॅनिक ईसीयू म्हणतात. तो इंजिनाचं तापमान बघतो, आत येणारी हवा बघतो, तुम्ही अ‍ॅक्सिलेटर किती पिळलाय ते बघतो, आणि सायलेन्सरमधल्या धुरात प्राणवायू किती उरलाय त्यावरून आपलाच अंदाज सुधारतो. डिसेंबरच्या पहाटे माझी गाडी एका बटणात सुरू होते, ती यामुळे. नानांच्या किका त्या वेळी अजून चालू असतात.

आज माझ्या गाडीचे ३८,००० किलोमीटर झालेत. इंजेक्टर, पंप, कॉम्प्युटर यांतल्या कशालाही एकदाही हात लावावा लागलेला नाही. जे बिघडलं ते सगळं साधं होतं. ढिला बोल्ट, म्हातारी झालेली बॅटरी आणि एकदा उंदराने कुरतडलेली वायर. कापसाच्या दिवसांत घरात पोती रचलेली असतात, त्यांच्या शेजारी गाडी लावायची नाही हे तेव्हापासून ठरलं. या गाड्यांत वायरी जास्त, आणि उंदरांना त्या भारी आवडतात. मला विचाराल तर गाडी भरवशाची आहे. पण तिचा एक स्वभाव लक्षात ठेवायचा. जुनी गाडी बंद पडायच्या आधी आठ दिवस कुरकुर करायची, ही तशी फारशी करत नाही. बॅटरी गेली की सकाळी एकदम गप्प. किक मारा, ढकला, उतारावरून सोडा, बॅटरी पार मेलेली असेल तर पंपच फिरत नाही आणि पेट्रोलच येत नाही. धक्का मारणारे मात्र चार जण हमखास जमतात.

म्हणून घरी करायच्या देखभालीत पहिला मान बॅटरीचा. आपलं बायकांचं गाडी चालवणं बघा. दूध आणायला जा, पोराला शाळेत सोड, बाजारात थांब, मंगळग्रह मंदिरात जाऊन ये. दर वेळी बटण मारून सुरू, दोन किलोमीटरवर बंद. बटण मारताना बॅटरीतून जेवढं जातं, तेवढं एवढ्याशा फेरीत परत भरत नाही. त्यात आपल्याकडची गरमी बॅटरीचं आयुष्य आणखी कमी करते. आठवड्यातून एकदा तरी गाडी सलग अर्धा तास चालवावी. धुळे रोडला मोकळं वारं खाऊन या, गाडीलाही बरं आणि तुम्हालाही.

आणि एक मल्टिमीटर घ्या. विजेच्या दुकानात तीन-चारशे रुपयांत साधं मिळतं. त्याची चकती डीसी २० वर ठेवायची, लाल तार बॅटरीच्या अधिकला, काळी उण्याला. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी १२.६ च्या पुढे दिसली तर छान. १२.४ च्या खाली आली तर चार्ज करून आणा. मग गाडी सुरू करून थोडा अ‍ॅक्सिलेटर द्या. आकडा साधारण साडेतेरा ते साडेचौदाच्या मध्ये यायला हवा. तिथे तो तेराच्याही खाली राहिला तर बॅटरी भरतच नाहीये, दोष दुसरीकडे आहे. आणि पंधराच्या वर गेला तर त्याच दिवशी दाखवा, कारण त्या जादा दाबाने खरोखरच कॉम्प्युटर जाऊ शकतो. बॅटरी काढायची झाली तर चावी बंद करून आधी काळी वायर काढायची. बसवताना काळी शेवटी. टोकं घासून वर व्हॅसलीनचं बोट फिरवलं की खरड धरत नाही. एवढ्याला दहा मिनिटं लागतात. ताकद अजिबात लागत नाही, आणि म्हणूनच मी म्हणते की ही गाडी आपल्या हातची आहे.

दुसरा मान पेट्रोलचा. जुन्या गाडीला पेट्रोलचा कॉक असायचा, संपत आलं की रिझर्व्हला फिरवायचा. तेही संपलं की गाडी रस्त्यातच आडवी करायची, उरलेलं पेट्रोल एका बाजूला आणायचं आणि घर गाठायचं. हे दृश्य कोणी बघितलं नाही? नव्या गाडीत हा कॉकच नाही, आणि तळाचा थेंब थेंब काढायचा हा शौक इथे महागात पडतो. टाकीतला पंप भोवतीच्या पेट्रोलने थंड राहतो. टाकी सतत कोरडी ठेवली की पंप तापतो, वर तळाचा गाळ ओढतो. पाव टाकी शिल्लक असतानाच भरा, हा माझा नियम. पण तोंडापर्यंतही भरून घेऊ नका. उन्हात पेट्रोल फुगतं, आणि टाकीची वाफ पकडायला एक डबी असते, तिच्यात पेट्रोल शिरलं की गाडी त्रास देते. गावात बाटलीतून पेट्रोल मिळतं, त्यात काय काय असतं ते विकणाऱ्यालाच ठाऊक. अगदी नडलं तरच घ्यावं, तेही गाळून.

इथेनॉलचा प्रश्न हल्ली सगळ्या विचारतात. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोचलं. उसापासून, मक्यापासून होणारं हे इथेनॉल पाणी धरून ठेवतं. गाडी रोज चालत असेल तर फार काळजी नको. पण घरधनी महिनोन् महिने बाहेरगावी आणि गाडी पडवीत उभी, अशी आपल्याकडे किती घरं आहेत! अशा गाडीत पाणी जास्त झालं की ते तळाशी बसतं, आणि पंपाचं तोंड तळाशीच असतं. आठ-पंधरा दिवसांनी गाडी बाहेर काढून फिरवा, निदान जुनं पेट्रोल संपवून ताजं भरा. तुमची गाडी किती टक्क्यांसाठी बनवलीय ते पुस्तिकेत लिहिलेलं असतं. माझ्या पुस्तिकेत १० टक्के लिहिलंय, त्यामुळे पेट्रोलची रबरी नळी कुठे चिरतेय का, वास येतोय का, हे मी दर महिन्याला बघते. अ‍ॅव्हरेज थोडं कमी झालंय, ते मान्य करून टाकलंय.

आता 'गाडी बोलत नाही' या नानांच्या तक्रारीकडे येते. बोलत नाही, पण लुकलुकते. चावी फिरवली की मीटरवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. त्याच वेळी टाकीतून दोन-तीन सेकंद 'झूंऽऽ' असा बारीक आवाज येतो. तो पंप. रोज सकाळी हा आवाज कानावर पडू द्यावा आणि तो थांबल्यावर बटण दाबावं. आवाज आलाच नाही तर आधी हँडलवरचं लाल बटण बघा. पोरं खेळता खेळता ते बंद करून ठेवतात! गाडी सुरू झाल्यावर पिवळा दिवा विझला पाहिजे. विझला नाही किंवा लुकलुकायला लागला, तर कॉम्प्युटर काहीतरी सांगतोय. काही कंपन्यांच्या गाड्यांत लांब लुकलुक म्हणजे दहा आणि छोटी म्हणजे एक असा हिशेब असतो. लांब एक आणि छोट्या दोन, म्हणजे बारा. प्रत्येक कंपनीचा हिशेब निराळा. आपण फक्त किती वेळा लांब आणि किती वेळा छोटी, ते मोबाईलवर व्हिडिओ घेऊन ठेवायचं आणि मेकॅनिकला दाखवायचं. आकडा हातात असला की 'कॉम्प्युटर गेला' म्हणणं अवघड होतं. आणि दिवा लागला म्हणून घाबरून रस्त्यात बसू नका. एखादा सेन्सर गेला तरी बहुतेक वेळा कॉम्प्युटर ठरलेला आकडा धरून गाडी हळूहळू घरापर्यंत आणतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन झालं, तेव्हाची गोष्ट. प्रताप महाविद्यालयाच्या आवाराजवळ ही गर्दी! कोणाचा तरी धक्का लागला आणि माझी चालू गाडी आडवी झाली. उचलली, तर सुरूच होईना. लगेच सल्लागार जमले. एक म्हणाला प्लग काढा, एक म्हणाला पेट्रोल वर चढलं, एकाने तर ढकलायला हातही लावला. मी चावी बंद केली, थोडं थांबले, परत चालू केली, पंपाचा आवाज ऐकला आणि बटण दाबलं. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत कलण्याचा सेन्सर असतो. गाडी पडली की तो इंजिन तोडतो, आणि चावी बंद करून चालू केल्याशिवाय परत सुरू होऊ देत नाही. पडलेल्या गाडीतून पेट्रोल सांडून आग लागू नये म्हणून ही सोय. सल्लागार पांगले. एक बाई मात्र थांबली आणि म्हणाली, "काय केलं तुम्ही, परत एकदा दाखवा ना." तिच्या नवऱ्याची गाडी दोन दिवसांपासून अशीच घरी पडून होती.

एअर फिल्टरचं थोडक्यात. आपल्याकडे वैशाखात जे धुळीचं वावटळ उठतं, त्यात तो लवकर भरतो. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवता येतो. तेल लावलेला कागदी असेल तर धुवायचा नाही, हवाही मारायची नाही, सरळ बदलायचा. ऑइल पुस्तिकेत लिहिलेल्या किलोमीटरला बदलायचं, त्यात नवं काही नाही. प्लग आणि चेनही पूर्वीसारखीच, ती तुम्ही घरी साफ करताच.

वेल्डिंगचं मात्र सांगितलंच पाहिजे, कारण खेडोपाडी दुधाच्या कॅनसाठी, चाऱ्याच्या पेंढीसाठी लोक गाडीला कॅरिअर जोडून घेतात. गाडीवर वेल्डिंग करायच्या आधी बॅटरीची वायर काढून टाका, जमल्यास कॉम्प्युटरचा कनेक्टरही काढून घ्या. तो प्रवाह चुकून वायरिंगमध्ये शिरला तर मोठा खर्च होतो. तसंच, जोराचा हॉर्न किंवा झगमग दिवे लावायला मधलीच वायर सोलून जोड मारू नका. गाडी धुताना प्रेशरचा पाइप सीटखाली आणि कनेक्टरवर धरू नका.

राहिलं ते घरी अजिबात न करायचं काम. इंजेक्टरच्या भोकात तार घालू नका, स्टोव्हची पिन तर नाहीच नाही. ती भोकं इतकी बारीक आणि मापाची असतात की एकदा रुंदावली की इंजेक्टर गेला. तो मशीनवरच साफ करून घ्यावा. थ्रॉटल बॉडीवर रंगाचा ठिपका दिलेला स्क्रू असेल तर तो फिरवू नये, कितीही हात शिवशिवला तरी. आणि टाकीपासून इंजेक्टरकडे जाणारी पेट्रोलची नळी कधीही ओढून काढू नका. शिट्टी होताना कुकरमध्ये असतो त्याच्या साधारण तिप्पट दाब बऱ्याच गाड्यांच्या या नळीत असतो. गाडी बंद असली तरी तो काही काळ टिकतो, पेट्रोल तोंडावर उडतं, आणि आपल्या पडवीला लागूनच गॅसची शेगडी असते. पंप किंवा नळीचं काम निघालं तर गाडी गॅरेजात न्यायची, दाब उतरवून मगच नळी काढा असं सांगायचं आणि काम होईपर्यंत तिथेच उभं राहून बघायचं.

नाना आता ७४ वर्षांचे आहेत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते मल्टिमीटर घेऊन येतात, मी आकडे वहीत लिहिते. गेल्या रविवारी १२.५ आला. नानांनी सीट परत बसवली आणि म्हणाले, येत्या उन्हाळ्यात ही बॅटरी दगा देईल, होळीच्या आधीच बदलून घे.